हाताला येतं, ते तोंडाला येईना

वयाच्या ४२व्या वर्षी मी पुन्हा वर्गात बसतोय. सकाळी डोंबिवलीहून कुर्ला, तिथे हार्बर लाइनला बदलायचं, पुढचंच स्टेशन चुनाभट्टी. तिथल्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत (जुनी माणसं अजून एटीआयच म्हणतात) फिटर ट्रेडचा सीआयटीएस (क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम) करतोय. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक व्हायचं असेल त्यांच्यासाठीचा हा एक वर्षाचा कोर्स. ट्रेड तर असतोच, पण तो दुसऱ्याला कसा शिकवायचा हाही एक वेगळा विषय असतो. मी आलो तो त्या दुसऱ्या विषयासाठी.

२००३ साली आयटीआय झालो, एक वर्ष अप्रेंटिस, मग २० वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, जिथे साचे-हत्यारं बनतात. कोर्ससाठी बिनपगारी रजा मागितली होती, मिळाली नाही. राजीनामा दिला. सध्या घर बायकोच्या पतपेढीच्या पगारावर चाललंय. ती एवढंच म्हणाली, "अहो, एकच वर्ष आहे ना? मग करा."

हे सगळं कशासाठी, असं बरेच जण विचारतात. कारण एक पोरगा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अप्रेंटिस म्हणून आला होता, शहापूरच्या बाजूचा. कानस मारायला बसवलं की हमखास जॉबला (घासायच्या लोखंडी तुकड्याला) पोट आणायचा, म्हणजे मध्ये फुगीर आणि कडांना उतरलेला. मी त्याच्या हातातून कानस घ्यायचो, चार हात मारून दाखवायचो आणि म्हणायचो, "असं. कळलं?" तो मान हलवायचा. पुन्हा पोट. एकदा सगळ्यांसमोर ओरडलो, "दोन वर्षं आयटीआयमध्ये केलंस काय?" पुढच्या सोमवारपासून तो आलाच नाही. फोन लावला, बंद. तो मंद नव्हता. मी त्याला काही सांगितलंच नव्हतं, हे मला इथे आल्यावर कळलं.

पहिला सरावपाठ मी मुद्दाम फाइलिंगचाच, म्हणजे कानस मारण्याचाच घेतला. समोर वर्गातलीच पोरं, बहुतेक बावीस-तेवीसची, मला दादा म्हणणारी. एम.एस. फ्लॅटचा (लोखंडी पट्टीचा) तुकडा व्हाइसला, म्हणजे शेगड्याला लावला, बास्टर्ड फाइल (जाड दातांची कानस) घेतली आणि झपाझप कानस मारली. ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या लावून उजेडाकडे धरला. कुठेही फट नाही. मागे बसलेले सर म्हणाले, "काम छान झालं. आता सांगा, तुमचा डावा हात काय करत होता?"

मला सांगता येईना. अक्षरशः शब्दच नव्हते. वीस वर्षं रोज केलेली गोष्ट.

त्या रात्री घरी ओट्याच्या कडेवर पोळपाटाची फळी ठेवली आणि लाटणं कानशीसारखं धरून पुढे-मागे करत बसलो. हळू, अगदी हळू. तेव्हा दिसलं. कानस म्हणजे जॉबवर टेकलेली तराजूची दांडी. सुरुवातीला तिचं टोक जॉबवर असतं आणि मुठीकडची सगळी लांबी मागे असते, म्हणून दाब डाव्या हाताने द्यायचा. मध्यावर दोन्ही हात सारखे. पुढे जाताना टोक बाहेर निघतं, तेव्हा डावा हात सैल सोडायचा आणि उजव्याने दाबायचं. हा दाब सारखा बदलत राहिला तरच कानस सपाट चालते. दोन्ही हातांनी एकसारखा जोर लावला की ती डोलते, आधी मागची कड खाते, मग पुढची. पोट तिथून येतं. परत आणताना दाब नाही, कारण कानशीचे दात पुढे जातानाच कापतात. शहापूरच्या पोराला एवढंच हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

आता मी आधी नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग सावकाश, प्रत्येक हाताचं बोलत. मग कानस पोराच्या हातात, आणि माझे हात पाठीमागे. हे पाठीमागे ठेवणं मला फार जड जातं. चुकीचा आवाज कानाला कळतो, हात आपोआप पुढे जातो. पण हिसकावून घेतलं की पोरगं तिथेच थांबतं. गेल्या आठवड्यात एका आयटीआयच्या बॅचवर पाठ होता. एकाच्या जॉबला पोट आलं. मी विचारलं, "उजेड कुठून दिसतोय?" तो म्हणाला, "दोन्ही टोकांकडून, सर." "मग जास्त कुठे घासलं गेलं?" बराच वेळ तो बघत राहिला. मग काही न बोलता जॉब पुन्हा व्हाइसला लावला, कानशीला खडू फासला आणि पायाची जागा बदलली.

उद्या व्हर्निअरचा, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीचा पाठ आहे. त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप ०.०२ मि.मी., हे पाठ सगळ्यांना असतं. ते येतं कुठून ते थोड्यांना. मोठ्या पुठ्ठ्याचा व्हर्निअर करतोय, १ मि.मी.च्या जागी १ से.मी. मेन स्केलचे (मुख्य पट्टीचे) ४९ से.मी. घेतले, त्याचे ५० भाग पाडायचेत, म्हणजे प्रत्येक भाग ९.८ मि.मी., मेन स्केलच्या भागापेक्षा ०.२ने लहान; खऱ्या व्हर्निअरवर तोच फरक ०.०२. प्रत्येक खूण शून्यापासूनच मोजायची, नाहीतर चूक साठत जाते. बायको आकडे वाचतेय, मी रेघा मारतोय. एकोणीस पूर्णांक सहा. एकोणतीस पूर्णांक चार. अजून सत्तेचाळीस रेघा आहेत.