हिरव्या गावातली पाऊण बादली

माझी सासुरवाडी सावंतवाडीजवळ, मी मंगळवेढ्याचा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आम्ही जातो ते गणपतीला. तेव्हा तिकडची विहीर काठोकाठ असते, वाकून तांब्या भरावा इतकी. मे महिन्यात जायचा योग यंदाच आला.

डिकीत मालदांडी ज्वारीचं पोतं टाकलं. सासूबाई तांदळाची भाकरी करतात, ज्वारीची त्यांच्याच्यानं थापली जात नाही, हे ठाऊक असूनही टाकलं. मिरज, निपाणी, आजरा. आजरा मागे पडलं की हिची मराठी बदलते. आईशी फोनवर मालवणी सुरू झाली की मी गाडीत पाहुणा.

आंबोलीत थांबलो. मुख्य धबधबा म्हणजे नुसता काळा कातळ, कुठंतरी एक ओली रेघ. हिरण्यकेशीला मात्र गुहेतून पाणी येत होतं. इथल्या कुंडात एक नवीनच जातीचा छोटा मासा सापडला, म्हणून २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. मला तो काही दिसला नाही. हिला दिसला म्हणे. करवंदांचा द्रोण माझ्या हातात देऊन ती अर्धा तास पाण्यात बघत बसली होती.

माझं लक्ष पाण्याच्या वाटेकडे. ही नदी कोकणात उतरतच नाही. पूर्वेला वळून घटप्रभेला मिळते, तिथून कृष्णेला. आमची भीमाही शेवटी कृष्णेलाच जाते. म्हणजे घाटमाथ्यावरचं हे पाणी आमच्या बाजूचं, भावकीतलं. हे मी हिला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, करवंदं संपवलीत का सगळी?"

घाट उतरलो. काजू, फणस, माड, डोळे निवले अगदी. अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं वाळत घातलेली, गल्लीभर आंबट वास. सासरे पुढे आले, पायांवर पाणी घालायला तांब्या दिला आणि हळूच म्हणाले, "जावयबापू, पाणी जपान वापरा हां."

मला वाटलं, थट्टा करतायत. विहिरीत डोकावलो तर तळाला पाण्याचा डोळा तेवढा चमकत होता. आंबोलीला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे ५०० झाला तरी आम्ही खूश. मग हे कसं? "पावस पडता, पण सगळो दर्याक जाता," सासरे म्हणाले. "जांभ्यात पाणी रवत नाय." सच्छिद्र दगड आणि उतार, पाऊस संपला की पाणी निघून जातं. झाडांची मुळं खोल, म्हणून ती हिरवी. आपण बाहेरून रंग बघतो आणि हेवा करतो.

चार दिवस पाऊण बादलीत अंघोळ केली. ते मला जड गेलं नाही, दुष्काळी माणूस आहे मी. न्हाणीचं पाणी पाटानं माडांना जात होतं. एका सकाळी मीच तो पाट खोऱ्यानं साफ केला, तेव्हा सासऱ्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे कामाचा माणूस म्हणून पाहिलं.

भाकऱ्या शेवटी मीच थापल्या. सासूबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. पहिली फाटली. दुसरी बरी फुगली, सोबत सुक्या बांगड्याचं तिखलं.

निघताना डिकीत फणसाची साठं, आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, बाटल्या आणि आमसुलं. एक बाटली निपाणीच्या पुढे सांडली. गाडीला अजून वास येतो, आणि ही धुवू देत नाही.