जानेवारीभर दूध-तूप बंद, आणि आमच्या बेळगावच्या ताटात काय काय उरलं

व्हेगन म्हटलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यासमोर टोफू, बदामाचं दूध आणि बेंगळुरू-पुण्यातलं एखादं महागडं कॅफे येतं, आणि मग "हे आपल्यासारख्यांचं काम नव्हं" म्हणून विषय तिथंच संपतो. मला एवढंच सांगायचंय की सीमाभागातल्या माणसाला, मग तो बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी कुठलाही असूदे, यासाठी दुकानातनं वेगळं काही आणावं लागत नाही, आणि त्यातल्या त्यात जानेवारीत तर अजिबातच नाही. मी करून बघितलंय म्हणून सांगतेय.

बेंगळुरूला जॉबला असणारी माझी चुलत बहीण दरवर्षी व्हेगन्युअरी करते. २०१४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली ही मोहीम, जानेवारी महिनाभर प्राण्यांपासनं आलेलं काहीच खायचं नाही, म्हणजे मटण, मासे, अंडी तर सोडाच, दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर हेही नाही आणि मधसुद्धा नाही. तिनं फोनवर "ताई तू पण कर की" म्हटलं आणि मी हो म्हटलं, पण खरं कारण ती नव्हती. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, दारात म्हशी कायमच्या. दिवाळीला गेले तेव्हा एक म्हैस व्याली होती आणि रेडा झाला होता. रेडी झाली असती तर घरात आनंदीआनंद, पण आता शेतात ट्रॅक्टर आलाय, रेड्याला काम नाही, त्याला पाजलं तेवढं डेअरीला कमी जातं, मग म्हशीनं पान्हा सोडण्यापुरतं त्याला तोंड लावू द्यायचं आणि ओढून बाजूला बांधायचं. त्याचं पुढं काय होतं हे गावात कोणी मोठ्यानं बोलत नाही. जर्सी नाहीतर एचएफ (होल्स्टीन) असल्या संकरित गाईला खोंड झाला तरी तीच गत. लहानपणापासनं हे बघत आलेय, पण या वेळी ते रेडकू दाव्याला ताण देऊन आईकडं ओढ घ्यायचं ते मला बघवलं नाही. घरी आल्यावर चहाचं आधण ठेवताना रोज तेच आठवायचं.

तर डिसेंबरच्या शेवटी सुरुवात केली. घरात नवरा, मुलगा, सासूबाई यांचं दूध चालूच राहिलं, मी कोणावर काही लादलं नाही. देवाला पंचामृत, नैवेद्याची वाटी, सगळं नेहमीसारखं, फक्त माझ्या ताटात नाही.

आणि सुरुवातीलाच एळ्ळ अमावस्या आली. जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोकांना हा सण तेवढा माहीत नसतो, पण अथणीकडं माझ्या मिस्टरांच्या मावशी आहेत आणि तिकडं त्या दिवशी अख्खं घर गाडीत भरून शेतात जेवायला जातंय. आधी चरग, म्हणजे सगळ्या स्वयंपाकातलं थोडं थोडं घेऊन पिकात शिंपडायचं, शेताला जेवू घालायचं, मग आपण बसायचं. मी मनात धास्ती घेऊन गेलेले की आता मावशींना काय सांगू, आणि ताट समोर आल्यावर बघते तर तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्या, मसाला भरलेली येण्णेगाई वांगी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, कोवळा हरभरा, शेंगाची पोळी. सगळं शेंगतेलात. यातलं मला न चालणारं काय होतं तर दहीभात आणि पोळीवरचं तूप. बस्स. एवढ्या मोठ्या सणाच्या जेवणात दोनच गोष्टी बाजूला ठेवल्या आणि पोट भरून उठले. त्या दिवशी मला खरं कळलं की कोरडवाहू शेतावर राबणाऱ्या माणसाचं जेवण मुळात असंच होतं, भाकरी, डाळ, तेलबिया आणि रानातली भाजी, दूध-तूप त्यात वरनं यायचं, असलं तर.

आमच्या बेळगाव तालुक्यात खाणं थोडं वेगळं, इकडं भात जास्ती, पश्चिम भागात रताळी भरपूर, नाचणी आहे. तरी हिशोब तोच. सकाळी नाचणीची आंबील, फक्त ताक न घालता, पीठ रात्रीच पाण्यात कालवून ठेवलं की सकाळी आपोआप आंबूस होतंय, मग शिजवून वरनं लसूण, जिरं, मीठ. दुपारी ऑफिसच्या डब्यात भाकरी आणि अख्खा मसूर नाहीतर हुलग्याचं पिठलं. चार वाजता भूक लागली की चिरमुरे, फुटाणे, मूठभर शेंगा. रात्री आमटी-भात. सुरुवातीला अकराच्या सुमाराला फार भूक लागायची, कारण सकाळचा दुधाचा कप गेलेला होता आणि त्याच्या जागी मी काहीच घेत नव्हते, मग आंबील वाढवली आणि शेंगदाणे भिजवून खायला लागले तशी ती तक्रार गेली. बाहेर खायचं म्हणाल तर गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे मसाला चिरमुरे, आणि मिरची भजी यात तसं काही नसतंय, हॉटेलात डोसा सांगताना मात्र "लोणी नको, तूप नको, तेलावर करा" हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं आणि पुलाव, खिचडी असलं काही सांगायच्या आधी विचारावं लागतं. बेकरीत जास्त अडतं. बटर, खारी, टोस्ट, बिस्किट, कशात लोणी आणि कशात दुधाची पावडर ते बघून कळत नाही. पाकिटबंद वस्तूंवर २०२२ च्या सरकारी नियमानंतर हिरव्या व्हीचा व्हेगन शिक्का यायला लागलाय, पण गल्लीतल्या बेकरीच्या बरणीवर तो कुठनं असणार. मी बिस्किटं सोडूनच दिली, सोपं पडलं.

इंटरनेटवर परदेशातल्या लोकांचं वाचून साखरेचीही शंका आलेली, तिकडं काही ठिकाणी साखर पांढरी करायला प्राण्यांच्या हाडांचा कोळसा वापरतात म्हणून. आमचा जिल्हा उसाचा, कारखान्यात काम करणारी माणसं नात्यातच, विचारून घेतलं तर इकडं चुना आणि गंधकावर रस साफ करतात. गुऱ्हाळात तर रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढतात हे लहानपणी मी स्वतः बघितलंय. ती काळजी मिटली.

अवघड काय गेलं तर चहा. याला पर्याय नाही हे आधीच सांगते. सोया दूध घालून बघितलं, चव वेगळीच लागते. शेंगदाण्याचं दूध उकळत्या चहात घातलं की फाटतंय. मग कोरा चहा, लिंबू पिळून, तोही रिकाम्या पोटी घेतला तर पित्त होतं. शेवटी समोरच्या कन्नड अक्कांनी कशायची पूड दिली, धने, जिरं, मिरी, सुंठ, बडीशेप भाजून कुटलेली, त्या स्वतः त्यात दूध घालतात पण मी नुसत्या गुळाच्या पाण्यात उकळून प्यायला लागले आणि थंडीत ते इतकं बरं वाटलं की आता सकाळी तेच चालू आहे. तरी संध्याकाळी ऑफिसातनं दमून आल्यावर आल्याच्या चहाचा वास घरात सुटला की जीव जायचा, हे खरंय.

दह्याचं मात्र जमलं, आणि ते इतकं छान जमलं की सविस्तर लिहिते. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी साली चोळून काढायच्या, तीन वाट्या पाणी घालत मिक्सरला एकदम बारीक वाटायचे आणि फडक्यातनं पिळून घ्यायचं. हे दूध मंद आचेवर सतत हलवत उकळायचं, सोडून गेलात तर तळाला लागतंय. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीची पाच-सहा देठं टाकायची, धुतलेली पण टोपीसकट, त्या देठांवर दही लावणारे जिवाणू असतात. जानेवारीत बेळगावची थंडी असतीय, म्हणून भांडं जाड टॉवेलात गुंडाळून उबेला ठेवायचं, दुसऱ्या दिवशीपर्यंत लागतंय. पहिलं विरजण जरा पातळ आणि मिरचीच्या वासाचं होतं, ते कढीला वापरायचं, पण त्यातलं दोन चमचे बाजूला ठेवून पुढच्या दुधाला लावलं की मग घट्ट, आंबट, कापता येईल असं दही. राहिलेला चोथा थालीपिठात जातो. याची कोशिंबीर सासूबाईंनी खाल्ली आणि "शेंगाचा वास येतोय पण बरं हाय गे" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत मागितली.

सासूबाईंचीच काळजी सगळ्यात जास्त होती. रोज जेवताना "वाईच तूप घाल गे, हाडं दुखतील". त्यांना मी आकडे दाखवले. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास, आणि तिळात तर हजाराच्या वर. सगळंच अंगी लागत नाही हेही खरं, म्हणून भिजवणं, आंबवणं, भाजणं हे जे जुन्या बायका करत आल्यात ते सोडायचं नाही. प्रोटीन म्हणाल तर शेंगदाणा आणि मसूर दोन्हीत शंभर ग्रॅमला पंचवीसच्या आसपास. पण एक गोष्ट कुठल्याच भाकरी-भाजीत नाही ती म्हणजे बी-१२. ते जिवाणू तयार करतात, आणि आपल्याला मांस, अंडी, दूध यातनंच मिळतं. शरीरात त्याचा साठा बराच काळ पुरतो म्हणून थोड्या आठवड्यांत काही जाणवत नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. पुढं हातापायाला मुंग्या, विसराळूपणा, रक्त कमी, असं सुरू होतं. मी डॉक्टरांना विचारून गोळी सुरू केली. ज्याला हे कायम करायचंय त्यानं गोळीशिवाय करू नये, इथं मी अगदी कडक आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर मनानं काही ठरवूच नये. आपल्या कर्नाटकात सरकारी शाळेत २०१३ पासनं क्षीरभाग्य योजनेत मुलांना दूध देतात, ज्या घरात डाळसुद्धा रोज शिजत नाही त्या पोराच्या हातातला तो पेला काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही.

मग भोगी आणि संक्रांत. भोगीची भाजी, त्यात वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, वरनं तिळाचं कूट, बाजरीची भाकरी. भाकरीवर लोण्याचा गोळा असतो त्याच्या जागी मी तिळाची ओली चटणी घेतली. संक्रांतीला आपला तिळगूळ, आणि अक्कांच्या घरनं तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं एकत्र केलेलं एळ्ळु-बेल्ला, "एळ्ळु बेल्ला तिंदु ओळ्ळे माताडि" म्हणत त्या हातावर ठेवतात. दोन्हीत दुधाचा थेंब नाही. करदंट, म्हणजे डिंक-गुळाची वडी, घरी केलं, डिंक तुपाऐवजी घाण्याच्या शेंगतेलात फुलवला, गूळ-खोबरं नेहमीचं, कोणाला फरक कळला नाही. कुंदा मात्र सोडावाच लागला. तो दूधच आटवून होतो, त्याला दुसरं काही करून कुंदा म्हणण्यात अर्थ नाही.

खाण्यापेक्षा जड गेलं ते माणसांना नाही म्हणणं. हळदीकुंकवाला गेलं की मसाला दूध, कोणाकडं पाहुणे म्हणून गेलं की न विचारता चहा. आपल्याकडं चहा नको म्हटलं की माणूस रागावून आलाय काय असं वाटतं लोकांना. मी प्रत्येक घरात "दूध बंद केलंय, कोरा द्या" सांगितलं, काहींनी आजारी आहे समजून चौकशी केली, एका काकूंना खरंच वाईट वाटलं, त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम बासुंदी केलेली. त्यांच्या घरनं निघताना मी त्यांचे हात धरून खरं कारण सांगितलं, रेडकाचं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आमच्या गावाकडं पण तसंच करत्यात."

माहेरी सांगणं तर त्याहून अवघड. भाऊ ऐकून म्हणाला, "ताई, उसाचं बिल कधी येतंय कुणाला ठाऊक, दुधाचा पैसा वेळेला येतोय, त्याच्यावर पोरांची फी चालती." आणि तो खरंच बोलतोय. सरकार लिटरमागं जे पाच रुपये प्रोत्साहन धन देतंय त्याचीही तो वाट बघत असतो. त्याच्या म्हशी सोड असं मी कुठल्या तोंडानं म्हणू, माझं शिक्षण पण त्याच दुधावर झालंय. पण मी त्याला एक मागितलं, की रेड्याला निदान पहिले काही महिने पोटभर पाजायचं, त्या दुधाचे पैसे मी देते. तो आधी नको म्हणाला, मग वहिनी आतनं म्हणाली, "घ्या की, ताई मनापासनं सांगाय लागल्यात." आता दर महिन्याला पाठवते. ते रेडकू अजून तिथंच आहे, चांगलं वाढलंय.

संक्रांतीनंतर महिना संपला तरी माझ्यासाठी घरात परत दूध घ्यायला मला जमलं नाही, म्हणून चालूच ठेवलंय. कोणाकडं काकूंसारखं कोणी मुद्दाम करून वाढलं तर मी थोडं खाईन, ते मी ठरवलंय, प्रेमानं वाढलेल्या ताटावरनं उठायचं नाही. आता उन्हाळ्यात ताकाचं काय करायचं हे बघायचंय. शेंगदाण्याच्या दह्याचं ताक जरा जड होतं, त्यापेक्षा सोलकढी बरी वाटतीय, खानापूरकडनं आमसुलं मागवली आहेत, आणि शिमग्याला पुरणपोळीबरोबर दुधाऐवजी नारळाचं दूध गूळ-वेलची घालून करणार आहे, सासूबाईंनी आत्तापासनंच "माझ्यासाठी पण कर" म्हणून सांगून ठेवलंय.