तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस झालाच नसता तर?

मी वर्षानुवर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. आता सुट्टीत ओळखीच्यांची मुलं घेऊन बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात जाते. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. तो बघता बघता कुणीतरी हमखास विचारतं, माणूस जन्मालाच आला नसता तर त्याच्या जागी कोण शहाणं झालं असतं? मुलं विचारतात, त्यांना न्यायला आलेले आईवडीलही विचारतात. गर्दीत उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मला खटकतं ते ‘त्याच्या जागी’. उत्क्रांतीत अशी कुणासाठी राखून ठेवलेली खुर्ची नसते. १९८२ मध्ये कॅनडातले जीवाश्मतज्ज्ञ डेल रसेल यांनी एक कल्पना मांडली होती. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर डायनासोरांना संपवणारा तो लघुग्रह आदळला नसता, तर ट्रूडॉनच्या जातकुळीतला, अंगाच्या मानानं मोठ्या मेंदूचा छोटा डायनासोर पुढे कसा झाला असता? त्याचा पुतळाही घडवला गेला: दोन पायांवर ताठ उभा, बिनशेपटीचा, मोठाल्या डोळ्यांचा, हाताला तीन बोटं. बघितला की हिरवट कातडीचा माणूसच वाटतो, आणि म्हणूनच मला तो कधी पटला नाही. डायनासोरांच्याच वंशातले पक्षी आज आपल्यापुढे आहेत. न्यू कॅलेडोनिया बेटावरचा कावळा काटकी तासून तिचा आकडा करतो आणि लाकडात दडलेली अळी ओढून काढतो. त्यासाठी त्याला ना शेपूट टाकावी लागली, ना पंख.

आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींनाही कमी लेखू नका. बगळे घरट्यांसाठी काटक्या शोधत असतात त्या दिवसांत चेन्नईजवळच्या मगर-केंद्रातल्या मगरी तोंडावर काटक्या घेऊन पाण्यात निश्चल पडून राहतात, अशी नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. बगळा काटकी उचलायला येतो आणि सापडतो. याच मगरी आई म्हणून किती हळव्या! अंड्यातून पिल्लांची हाक आली की मादी वाळू उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. पण जरा मोठी झाली की पिल्लं आपापल्या वाटेनं पांगतात.

मुलांचा लाडका ऑक्टोपस तर याहून दुर्दैवी. त्याच्या अंगात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त बाहूंमध्ये. डबे उघडतो, वाटा लक्षात ठेवतो. मादी मात्र अन्नपाणी सोडून अंडी राखत बसते आणि पिल्लं बाहेर येईतो मरते. तिला जे जे उमगलं होतं ते सगळं तिच्याबरोबर गेलं; पुढच्या प्रत्येकानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

म्हणून मी मेंदूचं वजन बघत नाही. स्पर्म व्हेल या देवमाशाचा मेंदू जवळपास ८ किलोचा भरतो, आपला दीड किलोही नाही. मी एवढंच बघते की त्या प्राण्याच्या घरात आजी आहे का. जगाचा अनुभव घेतलेलं म्हातारं माणूस पोराबाळांत वावरत असेल, तरच शिकलेलं साठत जातं.

माझं उत्तर आहे हत्ती.

१९९३ मध्ये टांझानियातल्या तारांगिरे अभयारण्यात भीषण दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत पाहणीतल्या ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. ज्या गटांत वयस्कर माद्या होत्या ते अभयारण्य सोडून बाहेर गेले आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. त्या माद्यांनी १९५८ ते ६१ चा दुष्काळ लहानपणी पाहिला असणार, असं अभ्यासकांना वाटतं. एक गट जागचा हलला नाही, आणि त्याची सर्वाधिक पिल्लं गेली. त्या गटातल्या जाणत्या माद्या शिकाऱ्यांनी आधीच संपवल्या होत्या. हे वाचलं तेव्हा माझ्या घशात आवंढा आला.

हत्तींनी जग घडवलं असतं तर त्यात घरं नसती, अंगणं नसती, कारण रोजच्या रोज एवढं खायचं तर एका ठिकाणी राहून कसं भागणार? विश्वामित्रीचा काठ कुणी बांधून काढला नसता. रस्ते असते, पण सगळे पाण्याकडे जाणारे.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलीनं विचारलं, “मावशी, मग त्यांच्या शाळेत काय शिकवलं असतं?” मी म्हटलं, पहिल्यांदा पाण्याच्या वाटा, कुठल्या साली कुठला झरा आटला त्यासकट. मग हाका, कारण आफ्रिकेतले हत्ती एकमेकांना नावासारख्या वेगवेगळ्या हाका मारतात असं २०२४ च्या अभ्यासात दिसलं आहे, आणि त्यांचा आपल्याला ऐकू न येणारा खर्जातला आवाज काही किलोमीटर जातो. मग आपल्यातल्या मेलेल्या हत्तींची हाडं ओळखायला, कारण वाटेत अशी हाडं दिसली की हत्ती आजही थांबतात आणि सोंडेनं चाचपून बघतात. तिला पटलं. फक्त गणित असतं का, हे तिला ठाम कळायला हवं होतं.