सज्जातली एव्हिटा आणि रस्त्यावरची आम्ही मंडळी

लंडन पॅलेडियम हे १९१० साली उभं राहिलेलं थिएटर. ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनातून वर आलं की समोरच्याच अर्गाइल स्ट्रीटवर, चालत दोन मिनिटं. त्याच्या दर्शनी भागावर एक सज्जा आहे आणि एरवी त्याच्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही. जून २०२५च्या मध्यापासून मात्र रोज रात्री नऊच्या सुमाराला त्या सज्जाखाली माणसांची दाटी व्हायला लागली. आत अर्जेंटिनाच्या ईव्हा पेरॉनवरच्या 'एव्हिटा' या जुन्या म्युझिकलचं पुनरुज्जीवन सुरू होतं. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं, 'डोन्ट क्राय फॉर मी अर्जेंटिना', नायिका रंगमंच सोडून थेट रस्त्यावरच्या त्या सज्जात येऊन म्हणत होती. तिकीट काढून आत बसलेल्या दोन हजारांहून जास्त प्रेक्षकांना ती दिसत होती पडद्यावर, थेट व्हिडिओतून.

हे मी आईला फोनवर सांगितलं, तर तिने मला मध्येच तोडलं.

"थांब जरा. म्हणजे फुकट्यांना ती समोर दिसली आणि पैसे मोजणाऱ्यांनी पडदा बघायचा? हा कुठला न्याय गं?"

इथल्या कित्येक नाट्यरसिकांचं म्हणणं हेच होतं. चांगल्या जागेचं तिकीट दोनशे पाउंडांच्या वर गेलेलं; तेवढे मोजून जे गाणं ऐकायला आलो तेच व्हिडिओवर, अशी कुरकुर पहिल्या काही प्रयोगांतच सुरू झाली. वर्तमानपत्रांनी ती उचलली, टीव्हीवर चर्चा झाली, आणि हे सगळं समीक्षकांनी एक ओळ लिहिण्याआधी.

ही गंमत कळायला इथली पद्धत सांगायला हवी. आपल्याकडे रंगीत तालीम झाली की शुभारंभाचा प्रयोग, आणि तिथून नाटक सगळ्यांचं. इथे या दोन्हींच्या मध्ये प्रिव्ह्यू नावाचा एक टप्पा असतो. प्रेक्षक तिकीट काढूनच येतात, पण नाटक अजून पक्कं झालेलं नसतं. रात्री प्रयोग, दुसऱ्या दिवशी दुपारी तालीम. एखादा प्रवेश कापतात, प्रकाशयोजना बदलतात, गाण्याची लय सैल वाटली तर ती आवळतात. मग समीक्षकांची रात्र होते आणि परीक्षणं छापायला मोकळीक मिळते. 'एव्हिटा'चे प्रिव्ह्यू १४ जूनला सुरू झाले आणि अधिकृत उद्घाटन १ जुलैला झालं. मधल्या दोन-अडीच आठवड्यांत समीक्षक गप्प असतात आणि प्रेक्षक बोलतात. पूर्वी हे बोलणं मध्यंतरातल्या बारच्या रांगेपुरतं असे. तरीही त्याची धास्ती कमी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली 'मेरिली वी रोल अलाँग'च्या प्रिव्ह्यूंना लोक मध्येच उठून जायला लागले, ती कुजबूज गावभर झाली आणि उद्घाटनानंतर १६ प्रयोगांत नाटक गुंडाळावं लागलं. त्याच नाटकाला २०२४ साली पुनरुज्जीवनाचा टोनी, म्हणजे अमेरिकी रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला, ही पुढची गोष्ट.

आता मध्यंतराची वाट कोण बघतो? सज्जातल्या गाण्याचे व्हिडिओ प्रेक्षक घरी पोचायच्या आत जगभर गेले होते.

आम्ही मैत्रिणी आधी रस्त्यावरून बघायला गेलो. जूनमध्ये इथे रात्री नऊलाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे नाटकातल्या दिव्यांची जादू वगैरे काही नाही. माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची. रेचल झेगलर या चित्रपटांतून नाव झालेल्या चोवीस वर्षांच्या नटीसाठी आलेल्या शाळकरी मुली, ऑफिसमधून परस्पर आलेले लोक, आणि काय चाललंय ते न कळलेले, पण गर्दी दिसली म्हणून थांबलेले प्रवासी. माझ्या शेजारच्या बाईंनी ट्रॉली बॅग दोन्ही पायांत घट्ट धरली होती आणि त्या दर मिनिटाला घड्याळ बघत होत्या. त्यांची गाडी होती म्हणे. दार उघडलं, झेगलर बाहेर आली, आणि मी मी म्हणणाऱ्यांच्या हातातले फोन वर गेले. पांढराशुभ्र झगा, सोनेरी केसांचा टोप. वाद्यवृंद आत, गाणारी बाहेर, तरी सूर जागच्या जागी. तिने हात पसरले तेव्हा पुढच्या रांगांतले लोकही हात वर करायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. गाणं संपल्यावर टाळ्या, शिट्या, आरोळ्या. ती आत गेली आणि दार लागलं. ट्रॉली बॅगवाल्या बाई जागच्या हलल्या नव्हत्या.

छान वाटलं. पण खरं सांगायचं तर नाटक पाहिल्यासारखं वाटलं नाही. एक प्रसिद्ध बाई लांबून दिसली आणि एक गोड गाणं ऐकलं, इतकंच.

त्यानंतर उद्घाटनाच्या आधीच आम्हाला वरच्या मजल्यावरची तिकिटं मिळाली. आतलं वातावरण म्हणजे दोन पिढ्यांची सरमिसळ. १९७८ साली प्रिन्स एडवर्ड थिएटरमध्ये एलेन पेजची 'एव्हिटा' पाहिलेले पांढऱ्या केसांचे लोक एकीकडे. तो मूळ प्रयोग १९८६पर्यंत चालला, त्यामुळे असे पाहिलेले पुष्कळ आहेत, आणि कुठल्या प्रवेशात काय हवं हे त्यांना पाठ असतं. दुसरीकडे पडदा वर जाण्याआधीच किंचाळणारी पोरं. नेपथ्य म्हणाल तर जवळजवळ नाहीच: पायऱ्या, आणि नाटकाच्या नावाची भलीमोठी अक्षरं. दिग्दर्शक जेमी लॉइडची ही शैलीच आहे. झेगलर जवळजवळ सगळा वेळ तोकड्या काळ्या कपड्यांत, स्वतःच्या काळ्याभोर केसांत वावरते. अर्जेंटिनाचा इतिहास माहीत नसेल तर कथा धरून ठेवताना दमछाक होते. मध्यंतरात मागच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला हलक्या आवाजात समजावून सांगत होते, आणि आजूबाजूचे सहा-सात जणही कान लावून ऐकत होते. मीही त्यांतलीच.

ईव्हा पेरॉन म्हणजे गरिबीतून वर आलेली नटी. ती राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉनची बायको झाली, कष्टकऱ्यांची लाडकी झाली आणि १९५२ साली तेहतिसाव्या वर्षी गेली. पहिल्या अंकात ती कुणाकुणाच्या खांद्यावर पाय देत वर चढली ते आपण बघतो, आणि 'चे' नावाचा निवेदक पावलोपावली तिला टोमणे मारत असतो. हे सगळं डोक्यात असताना दुसऱ्या अंकात पडदा उजळतो. काळ्या कपड्यांतली ती बाई एकाएकी पांढऱ्या झग्यात, सोनेरी केसांत दिसते आणि खऱ्याखुऱ्या सज्जाकडे निघते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याला चिकटलेला. आणि मग तिच्या पलीकडे, खाली, ती गर्दी.

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या गर्दीत कधीतरी मी होते. फोन वर धरलेली, हात पसरणारी, काही न विचारता भारावलेली. नाटकाला अर्जेंटिनाची भोळी जनता हवी होती आणि लंडनच्या रस्त्याने ती एक पैसा न घेता पुरवली. १९७८ साली ही गर्दी रंगमंचावरच्या समूहाने उभी केली होती. इथे आम्हीच ती भूमिका केली, आणि आपण भूमिका करतोय हे खाली कुणाच्या गावीही नव्हतं. झगा आणि टोप हा सगळा थाट फक्त त्या गर्दीसाठी असतो, हे आत बसलेल्यालाच दिसतं. बाहेरच्याला वाटतं, ही अशीच असते.

म्हणून पैसे मोजणाऱ्यांची फसवणूक झाली, हे मला काही पटत नाही. गाणं बाहेर गेलं, नाटक आतच राहिलं. अर्थात संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्याच कंपनीचं हे थिएटर, त्यामुळे सज्जाच्या परवानगीसाठी कुणाच्या हातापाया पडायला नको होतं, घरचंच कार्य. आणि फुकटात जगभर जाहिरात झाली, ती वेगळीच. हिशेब त्यातही आहे, तेवढं काही आम्ही भोळे नाही.

तरी एक सल मान्य करायला हवी. गाणं पडद्यावर संपलं तेव्हा आतले लोक क्षणभर घुटमळले. टाळ्या कुणाला द्यायच्या? समोर तर कुणीच नाही. वरून पुसट आवाज आला, रस्त्यावरच्या आरोळ्यांचा, स्पीकरमधून. त्यावर स्वार होऊन मग आतल्या टाळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे नाट्यपद रंगलं की गायक नटाकडे बघून हक्काने 'वन्समोअर' म्हणतात, आणि तो मान हलवून पुन्हा सूर लावतो. तो थेट व्यवहार इथे तुटलेला होता. आईचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा. शेवटी मात्र ती रंगमंचावर आली तेव्हा सगळं सभागृह उठून उभं राहिलं. १९७८वाले सावकाश उठले, पण उठले.

बाहेर पडलो तर सज्जाखाली अजून थोडे लोक रेंगाळत होते. दोन मुलींनी आमच्या हातातले प्रोग्रॅम पाहून विचारलं, आत ती कशी दिसते, जवळून? माझी मैत्रीण सांगायला लागली, तेवढ्यात आमच्या मागून आलेल्या आजोबांनी त्याच मुलींना विचारलं, "इथून तिचा आवाज कसा येत होता हो?"