ढग आला आणि चित्र बदललं

पॅरिसमध्ये ग्रुपला दुपार मोकळी मिळाली की बहुतेक जण खरेदीला पळतात. त्या दिवशी काही ज्येष्ठ मंडळी मागे राहिली, त्यांना मी तुइलरी बागेतल्या ओरांजरी संग्रहालयात नेलं. टूर मॅनेजर म्हणून पॅरिसमधली माझी सगळ्यात लाडकी जागा हीच, पण टूरच्या कार्यक्रमात ती कधीच बसत नाही.

आत दोन लंबगोल दालनं आणि भिंतींवर फ्रेंच चित्रकार क्लॉद मोनेच्या कुमुदिनी. आठ चित्रं, उंची दोन मीटर, सलग धरली तर लांबी शंभर मीटरच्या आसपास. कॅनव्हास वळणदार भिंतींवर थेट चिकटवलेला. क्षितिज नाही, काठ नाही. आपण तळ्याच्या मधोमध. पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, मोनेनं फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून दोन चित्रं देशाला देऊ केली. त्यातून एवढं उभं राहिलं. दालनं उघडली १९२७ च्या मे महिन्यात. मोने आदल्या डिसेंबरातच गेला होता.

१९२३ मध्ये त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नंतर सगळं निळं दिसतं म्हणून तो वैतागला होता, हे मी सांगितलं मात्र, सोलापूरच्या काकू ताडकन म्हणाल्या, "अगं, माझंही तेच! आधी सगळं पिवळट, चहातून बघितल्यासारखं. पट्टी काढली तर घरातली पांढरी भिंत निळी!"

मग त्या चित्राजवळ गेल्या. तिथून फूल दिसतच नाही. जांभळ्यावर हिरव्याचे कोरडे फटकारे, मध्येच गुलाबी रंगाचा जाड थर. चार पावलं मागे आल्या, तर तेच फूल पाण्यावर.

एवढ्यात बाहेर ढग आला असावा. इथला उजेड छतातून गाळून येतो, दिव्यांचा नव्हे. साठच्या दशकात वर मजला चढवून तो बंद केला होता. २००६ मध्ये नूतनीकरण संपलं तेव्हा तो परत आला. मोनेला चित्रं अशाच उजेडात हवी होती, आणि माझ्या मते दुसऱ्या उजेडात ती अर्धीच दिसतात. निळं करडं झालं, खोल गेलं, चित्रातल्या विलो झाडांच्या फांद्या काळ्या पडल्या. सगळ्यांना ते दिसलं.

निघायची वेळ झाली तेव्हा काकू पहिल्या दालनाकडे वळल्या. "ते उन्हातलं पाहिलं होतं. आता ढगातलं बघून येते."

मी खरेदीवाल्यांना फोन करून भेटायची वेळ अर्धा तास पुढे ढकलली.