काळी एक, प्रचाराचा भोंगा आणि नेरूळची मॅच

गीत सुरू होते आणि अर्धी मंडळी पुस्तक हातात धरून नुसती उभी राहते. अशा वेळी पाळकसाहेब लोकांच्या भक्तीबद्दल बोलतात. वाद्यांजवळ बसणाऱ्यांनी मात्र आधी पट्टी, म्हणजे सा कुठे धरला आहे ते, तपासावी. ठाणे-नवी मुंबईच्या मराठी ख्रिस्ती उपासनांमध्ये चुकीच्या पट्टीचा हा दोष इतका सर्रास आढळतो की त्यावर सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

पुरुष गायकाला काळी एक किंवा काळी दोन (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा) सोयीची असते आणि पेटीवालाही सवयीने तीच धरतो. पण मंडळी, म्हणजे चर्चमध्ये जमलेले लोक, ही असते सत्तरीची आजी, घसा फुटलेला नववीतला मुलगा, सकाळी साडेसातची गाडी पकडून आलेली नर्स. या सगळ्यांचा मिळून वरचा सूर तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे आरामात जात नाही. म्हणून आधी गीतातला सर्वांत उंच स्वर शोधा. चाल तार षड्जावर थांबत असेल तर सा काळी एक चालेल. तार गंधारापर्यंत जात असेल तर सा खाली काळी पाचवर आणा, म्हणजे तो गंधार नेमका पांढरी दोनवर येतो. खालचा पंचम थोडा दबेल, दबू द्या. खालचा सूर लोक पुटपुटून का होईना गातात, वरचा ताणावा लागला की गप्प होतात. आठची उपासना असेल तर आणखी अर्धा सूर खाली, कारण गळे उघडलेले नसतात.

गिटारवाल्यासाठी: काळी एकला पहिल्या पट्टीवर कॅपो (गळ्यावरचा चिमटा) लावून सीचे कॉर्ड-आकार, नाहीतर चौथ्या पट्टीवर एचे. काळी पाचला पहिल्या पट्टीवर एचे किंवा तिसऱ्यावर जीचे. तिसऱ्या पट्टीवरचे जीचे आकार पेटीबरोबर जास्त खुलतात, मोकळ्या तारा जास्त मिळतात म्हणून. पण गिटार कशाला जुळवायची? पेटीला. जुनी पेटी कधी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असते, कधी थोडी वर-खाली. तिचे सूर रविवारी सकाळी बदलता येत नाहीत. कीबोर्डचे मास्टर ट्यूनिंग आणि गिटारच्या खुंट्या मात्र दोन मिनिटांत बदलतात. ट्यूनर आधी पेटीच्या पांढरी सहावर धरा, किती फरक आहे ते बघा आणि बाकी सगळे तिकडे न्या. उलट करणाऱ्यांची पहिली दोन गीते बेसूर जातात आणि कारण कुणालाच कळत नाही.

तबल्याचे गणित वेगळे. सा काळी पाचला असेल तर तितका खाली उतरणारा दायां (उजव्या हाताचा तबला) सहसा हाताशी नसतो. मग काळी दोनचा दायां घ्या, तो मध्यम देतो. मात्र भूप रागातली चाल असेल तर मध्यम खटकतो. तिथे पंचम, म्हणजे पांढरी चार, शोधावा लागतो. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या दमट हवेत पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडते, आणि एसी हॉलमध्ये आणली की वीस-पंचवीस मिनिटांत परत चढते. म्हणून तबला उपासनेआधी अर्धा तास हॉलमध्येच, गवसणी काढून ठेवावा आणि मग गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकावेत. गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या काठावर) हातोडी मारून बारीक फरक काढता येतो. पूर्ण स्वराचा फरक तिथून काढायला गेलात तर पुडी फाटते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर लाकूड फुगून पट्ट्या अडकतात.

आता गीतांबद्दल. इंग्रजी हिमच्या (चर्चमधल्या स्तोत्रगीतांच्या) चालीवर बसवलेली कितीतरी मराठी गीते एका जागी हमखास अडखळतात. त्या चालींची सुरुवात बऱ्याचदा समेच्या आधी होते, एक आखूड अक्षर आणि मग जोर. मराठी शब्द असा चालत नाही. त्यामुळे जोर ‘च्या’, ‘ने’, ‘ला’ अशा प्रत्ययावर पडतो आणि ‘प्रभू’ मात्र घाईत निघून जातो. उपाय आहे. गीत दादऱ्याच्या सहा मात्रांत घ्या, सुरुवातीचा तो अर्धा तुकडा पेटीवर वाजवून टाका आणि शब्द समेवरून सुरू करा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन मंडळीत आणले. ते नुसत्या देशी हौसेचे काम नव्हते. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग भजनी ठेक्यात आपोआप बसतो आणि पुस्तक न उघडता पाठ होतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्यामुळे उपासनेत पूर्ण वाटा मिळाला. माझ्या मते मराठी मंडळीच्या संगीतात याहून मोठे काम झालेले नाही.

कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) वाजवणाऱ्यांनी ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा नियम लक्षात ठेवावा. त्या दिवसांत वाद्ये फक्त गाण्याला आधार म्हणून, सुटे वादन नाही. अपवाद चौथ्या रविवारचा आणि मोठ्या सणांचा. ग्लोरिया आणि आलेलुया ही स्तुतिगीते वगळतात. प्रोटेस्टंट मंडळीतही सहा आठवडे लीड गिटार शांत ठेवून बघा. पुनरुत्थानाच्या सकाळी तिला खरा अर्थ येतो.

या सगळ्यामागे एकच विचार आहे: उपासनेतला सर्वांत मोठा आवाज मंडळीचा असला पाहिजे. वाद्ये तिची चाकर. हे मनापासून मान्य असेल तर निवडणुकीच्या दिवसांत काय करायचे तेही आपोआप ठरते. तो आवाज आपल्या मालकीचा नाही, म्हणून तो कुणाला भाड्याने देता येत नाही.

वादक म्हणून प्रचाराचे काम घेण्यात मला गैर वाटत नाही. रोड शोमध्ये ढोल वाजवणे, उमेदवाराचे गाणे रेकॉर्ड करणे ही कष्टाची कमाई आहे, आणि निवडणुकीच्या महिन्यात कित्येक कलाकारांचे घरभाडे त्यातून सुटते. पण मंडळीच्या ओळखीची चाल तिथे द्यायची नाही, क्वायरचा पोशाख घालून जायचे नाही आणि मंडळीचा मिक्सर-स्पीकर घेऊन जायचा नाही. नाताळच्या कॅरल फेरीत कुणा इच्छुकाचा बॅनर पुढे धरायचा नाही, त्याने सगळ्यांचा केक दिला असला तरी. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा १९८८ सालचा आहे. प्रार्थनास्थळाची जागा, निधी, उत्सव किंवा मिरवणूक राजकीय कामासाठी वापरणे त्याने गुन्हा ठरते, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. आचारसंहितेतही प्रार्थनास्थळे प्रचारासाठी वापरू नयेत असे स्पष्ट लिहिले आहे. धर्माच्या नावाने मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही त्यात आला. म्हणजे ‘आपल्या ख्रिस्ती भावाला मत द्या’ ही घोषणाही चालत नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. आपण अल्पसंख्य आहोत म्हणून आपल्याला सूट असावी, हा युक्तिवाद आपल्यावरच उलटतो.

भोंग्याचा नियमही दोन्हीकडे तोच. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र शासन जाहीर करू शकते, तिथे ५० आणि ४०. खाजगी जागेच्या हद्दीवर ठरलेल्या पातळीपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त चालतात. सार्वजनिक जागी १० जास्त किंवा एकूण ७५, यातले जे कमी असेल ते. शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. त्या दिवसांची यादी बघताना तारीख नीट वाचा. आपली मध्यरात्रीची उपासना २४ डिसेंबरच्या रात्री असते, २५ च्या नव्हे. लाउडस्पीकरची परवानगी लेखी घ्या आणि प्रत जवळ ठेवा.

इमारतीच्या गाळ्यात भरणाऱ्या मंडळींना हे जास्त जपावे लागते. लहान खोलीत ड्रमकिट सहज शंभर डेसिबलच्या आसपास जाते. काठ्यांऐवजी रॉड (बारीक काड्यांच्या जुड्या) वापरा, किंवा ड्रमकिट सोडून काहोन (बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) घ्या. स्पीकर शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटवू नका, स्टँडवर कानाच्या उंचीला, लोकांकडे तोंड करून ठेवा. आवाज घुमत असेल तर मिक्सरवर २५० ते ४०० हर्ट्‌झ थोडे उतरवा, शब्द लगेच मोकळे होतात. मग मास्टर खाली आणला तरी लोकांना ऐकू येते. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेला माणूस आहे, त्याच्यावर प्रीती करण्याचा हा अगदी सोपा मार्ग आहे.

वेदीवर पक्ष नको, याचा अर्थ मंडळीने राजकारणाकडे पाठ फिरवावी असा नाही. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, पक्ष बघून नव्हे. उपासनेनंतर हॉलमध्ये मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घ्या. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या अर्हता तारखांमुळे अठरा पूर्ण झालेल्या मुलांना आता वर्षभर थांबावे लागत नाही. महापालिकेला एका प्रभागातून चार नगरसेवक असतील तर चारही जागांसाठी बटण दाबायचे असते, एक दाबून निघायचे नसते. कुणीच नको असेल त्या जागेसाठी नोटा आहे. हे तरुणांनी आजी-आजोबांना समजावून सांगावे. उमेदवार आले तर दफनभूमीच्या जागेचे काय, हे सगळ्यांना सारखेच विचारा.

आणि एक प्रश्न हॉलमध्ये मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे. अनुसूचित जातीचा दर्जा कोणत्या धर्माच्या लोकांना मिळतो हे सांगणाऱ्या, १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले, ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. नगर-जालन्याकडून ठाणे, कळवा, ऐरोलीत आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या आयुष्यावर त्याचा थेट परिणाम आहे. शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे हा प्रश्न त्यांना घरात पडतो. त्यावर मते वेगळी असतील, असू द्यात. पण ज्या मंडळीत लोक शेजारी बसून गातात तिथे हा विषय टाळला जावा, हे मला दुःखाचे वाटते.

खेळाबद्दल लिहिताना आधी आपल्याच माणसाची आठवण. क्रिकेटपटू विजय सॅम्युएल हजारे, जन्म सांगलीचा, १९१५ चा, मराठी ख्रिस्ती. १९४८ मध्ये अॅडलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५, दोन्ही डावांत शतक करणारे पहिले भारतीय. १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधारही तेच. संडे स्कूलच्या मुलांना हे नाव माहीत नसेल तर ती शिकवणाऱ्यांची उणीव आहे.

आणि मग नेरूळ. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चे लक्ष्य, आणि जेमिमा रॉड्रिग्स १३४ चेंडूंत नाबाद १२७. भारताने नऊ चेंडू राखून सामना जिंकला. गिटार वाजवणारी ही मुलगी सामन्यानंतर येशूचे नाव घेऊन म्हणाली की आपण उभे राहायचे, देव आपल्यासाठी लढतो. ते वचन बायबलमधल्या निर्गमच्या चौदाव्या अध्यायातले आहे. त्यानंतर कितीतरी प्रवचनांत हे उदाहरण आले. प्रवचनकारांना माझी विनंती आहे की धावफलकही वाचावा. तिने चौदा चौकार मारले, म्हणजे ५६ धावा. षटकार एकही नाही. उरलेल्या ७१ धावा तिने पळून काढल्या, आणि त्याआधी जवळजवळ पन्नास षटके क्षेत्ररक्षण केलेले होते. ‘उभे राहणे’ म्हणजे काय ते या ७१ धावांत दिसते. सरावाशिवाय वेदीपाशी येऊन ‘आत्मा वाजवील’ म्हणणाऱ्या वादकाने तर ते नक्कीच बघावे.

अंतिम सामना २ नोव्हेंबरला, रविवारी होता. मृत भाविकांच्या स्मरणाचा तोच दिवस. दफनभूमीत मेणबत्त्या लागत होत्या त्या संध्याकाळी नेरूळला पावसामुळे तीनचा सामना पाचला सुरू झाला, भारताच्या ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६, आणि ५२ धावांचा विजय मध्यरात्रीच्या सुमारास. अशा दिवशी उपासनेत विजयासाठी प्रार्थना करावी का? मी म्हणेन, करू नये. पलीकडच्या संघातही प्रार्थना करणाऱ्या मुली असतात. दुखापत होऊ नये, पंचांना नीट दिसावे, हरणाऱ्याला धीर मिळावा, एवढे मागावे. जिंकल्यावर आभार मानावेत, मनापासून.

राहता राहिली वेळ. नेरूळमध्ये सामना असेल त्या रविवारी दुपारनंतर नेरूळ आणि जुईनगर स्थानकांवर पेटी घेऊन चढणे-उतरणे अवघड. त्यात मेगाब्लॉक. आदल्या दिवशी वेळापत्रक बघा, संध्याकाळच्या उपासनेचा सराव सकाळच्या उपासनेला जोडूनच साडेअकराला उरका आणि वाद्ये तिथेच कुलपात ठेवा. टर्फवरची मंडळींची स्पर्धा भरवणाऱ्यांनी पहिला सामना दीडच्या आधी लावू नये. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ख्रिस्ती धावपटू एरिक लिडल रविवारी शंभर मीटर धावला नाही हे सगळे सांगतात. वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळले होते आणि तेवढा काळ त्याने चारशे मीटरची तयारी केली, म्हणून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक आले, हे फारसे कुणी सांगत नाही. नव्या वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर लागले की त्यावर सामने, परीक्षा आणि मतदानाच्या जाहीर झालेल्या तारखा लिहा. क्वायरमधला जो मुलगा संघाचा वेगवान गोलंदाजही आहे, त्याला त्या रविवारी नेमके कुठे उभे राहायचे आहे ते तेव्हाच विचारून घ्या.