चौऱ्याऐंशीचा फेरा

"बाई, विभाजक काढता येतात हो, पण सगळे निघाले हे कशावरून समजायचं?" हा प्रश्न मला वर्गात मुलांनी विचारला, पुढे पालकसभेत त्यांच्या आईवडिलांनी विचारला, आणि आता निवृत्तीनंतर आमच्या इमारतीतली मुले वही घेऊन येतात, तेव्हा त्यांना सोडायला आलेले आजोबाही हळूच विचारतात. दर वेळी मी उभ्या उभ्या काहीतरी सांगून वेळ निभावून नेते आणि मंडळी जिना उतरली की मनात येते, हे यापेक्षा नीट सांगायला हवे होते. तुम्ही विचारलंत म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

एखाद्या संख्येला दुसऱ्या पूर्ण संख्येने भागल्यावर बाकी शून्य उरली, की ती दुसरी संख्या पहिलीची विभाजक. एवढे सगळ्यांना येते. अडते ते थांबायचे कुठे, यापाशी. शोधत राहिले तर आणखी एखादा सापडेल ही धाकधूक, आणि शोधणे सोडले तर एखादा राहिला असेल ही हुरहुर, या दोहोंच्या मध्ये मूल पेन्सिल चावत बसलेले असते.

शेजारच्या सहावीतल्या मुलीची वही गेल्या पंधरवड्यात माझ्यापुढे आली. गृहपाठ होता ८४चे सर्व विभाजक लिहिण्याचा. तिने लिहिले होते २, ३, ४, ६, ७, १२, १४, २१, ४२. आणि ओळीच्या दोन्ही टोकांना, आधी विसरून मग आठवल्यासारखे, दाटीवाटीने १ आणि ८४ कोंबलेले होते. एकूण अकरा. राहिला होता २८. तो का राहिला हे मी तिला विचारले नाही, तिच्या पाढ्यांची चौकशी केली. तिला पंचवीसपर्यंत पाढे चोख येत होते. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, चौदा सक चौऱ्याऐंशी, एकवीस चोक चौऱ्याऐंशी, हे तिच्या जिभेवर होते; ४२ ही ८४ची निम्मी म्हणून तीही सुचली; पण अठ्ठावीसचा पाढा कोण पाठ करते? म्हणजे तिने विभाजक शोधले नव्हते, आठवले होते. आठवणीला शेवट असतो, पण तो संख्येच्या शेवटाशी जुळेलच असे नाही.

यावर मी सांगते तो उपाय असा. वहीची एक अख्खी ओळ घ्यायची. डाव्या समासाला चिकटून १ लिहायचा आणि त्याच क्षणी उजव्या टोकाला ८४. मग डावीकडे २, उजवीकडे ४२. डावीकडे ३ लिहिला की ८४ला ३ने भागून आलेला २८ उजवीकडे लिहिल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. मग ४ आणि २१. पाचाने भाग जात नाही. ६ आणि १४, ७ आणि १२. आठाने जात नाही, कारण चाराने भागून आलेला २१ विषम आहे. नवाने जात नाही, कारण तिनाने भागून आलेल्या २८ला पुन्हा तिनाने भाग जात नाही. आणि येथे थांबायचे. दहाचा विचारही करायचा नाही.

का थांबायचे, हे मात्र नुसते सांगून भागत नाही, पटवून द्यावे लागते. विभाजक एकटा येत नाही, जोडीदाराला घेऊन येतो, आणि दोघांचा गुणाकार ८४ भरतो. जोडीतल्या दोन्ही संख्या १० किंवा त्याहून मोठ्या असत्या तर गुणाकार किमान १०० झाला असता. तेव्हा प्रत्येक जोडीतला निदान एक जण ९ किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे, आणि ९पर्यंतच्या सगळ्यांची झडती आपण घेतलेली आहे. पुस्तकी भाषेत याला वर्गमूळापर्यंत तपासणे म्हणतात. त्या मुलीच्या आजोबांना हे ऐकून बरे वाटले, ते म्हणाले, "चौऱ्याऐंशीचा फेरा नऊतच सुटतो म्हणा की!" चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब असा सुटत असता तर फार बरे झाले असते.

हा पहिला थांबा. पण माणसाचा हात चुकतो, एखादा भागाकार घाईत बिघडतो, म्हणून पडताळ्यासाठी दुसरी वाट हवी. ती मूळ संख्यांमधून जाते. ८४चे मूळ अवयव पाडले तर २ × २ × ३ × ७ असे येतात. ८४चा कोणताही विभाजक याच चार तुकड्यांतून बनतो, बाहेरचे काही त्यात येऊ शकत नाही. दोन घ्यायचा की नाही, आणि घेतला तर किती वेळा, यासाठी तीन पर्याय आहेत: एकदाही नाही, एकदा, दोनदा. तिनासाठी दोन पर्याय, सातासाठी दोन. तीन दुणे सहा, सहा दुणे बारा. म्हणजे ८४चे विभाजक बाराच असणार, आणि हे एकही विभाजक न लिहिता कळते. अकरा लिहून झालेल्या मुलाला मी एवढेच म्हणते, "एक जण बाहेर उभा आहे, त्याला आत घे."

येथे घातांकात, म्हणजे एखादी मूळ संख्या जितक्या वेळा येते त्या आकड्यात, एक का मिळवायचा, या प्रश्नावर हुशार मुलेही अडखळतात. प्रत्येक घातांकात एक मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा, हे सूत्र पाठ असते, पण तो एक कुठून आला हे विचारले की वर्ग गप्प होतो. तो एक म्हणजे न घेण्याचा पर्याय. तिन्ही मूळ संख्यांच्या बाबतीत 'नाही' म्हटले की उरतो तो १. म्हणूनच १ हा प्रत्येक संख्येचा विभाजक असतो. गुरुजींनी सांगितले म्हणून तो टोकाला कोंबायचा नसतो.

पूर्ण वर्ग संख्या आली की जोड्यांच्या पद्धतीत एक गंमत होते. ३६ घेतला तर १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, आणि शेवटी ६चा जोडीदार ६च. तो एकदाच लिहायचा, त्यामुळे विभाजक नऊ होतात. विभाजकांची संख्या विषम आली तर ती संख्या पूर्ण वर्ग असणारच, आणि पूर्ण वर्ग असेल तर विषम येणारच. उत्तरपत्रिका तपासताना ३६पुढे दहा विभाजक दिसले की न वाचताच मला समजे, सहा दोनदा आला आहे.

"पण बाई, एखादा राहिला तर बिघडलं कुठे?" असेही विचारतात. दहावीत बिघडते. वर्गसमीकरणातल्या मधल्या पदाची फोड करताना गुणाकार ८४ आणि बेरीज ३१ येईल अशी जोडी लागते, आणि ज्याच्या यादीत २८ नाही तो मुलगा 'अवयव पडत नाहीत' असे ठामपणे लिहून मोकळा होतो.

आमच्या आजीला सूत्र ठाऊक नव्हते, पण विभाजकांचे सुख तिने रोजच्या व्यवहारात भोगले होते. तिच्या रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ म्हणजे सहा वेळा दोन आणि एकदा तीन, विभाजक चौदा. तीन मुलांत रुपया वाटायचा तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, आणि भांडण नाही. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. शंभराचे विभाजक नऊच, आणि त्यांत तीन नाही, सहा नाही, बाराही नाही. दशमान पद्धतीमुळे हिशेब लिहिणे सोपे झाले यात शंका नाही, पण तिघांत रुपया वाटताना उरणाऱ्या एका पैशाबद्दल आजीची तक्रार शेवटपर्यंत होती, आणि गणिताच्या दृष्टीने ती रास्त होती. हापूसची पेटी आजही डझनावर विकली जाते त्यामागे हीच सोय आहे: पाच डझनांचे साठ आंबे दोघांत, तिघांत, चौघांत, पाच जणांत, सहा जणांत कापाकापी न करता वाटता येतात.

साठासारख्या संख्यांचा, म्हणजे ज्यांचे विभाजक आपल्यापेक्षा लहान असलेल्या कोणत्याही संख्येहून अधिक आहेत अशा संख्यांचा, सखोल अभ्यास श्रीनिवास रामानुजन यांनी केला आणि त्यावरचा त्यांचा दीर्घ निबंध १९१५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२० अशी सुरू होणारी शंभराहून अधिक संख्यांची यादी त्यांनी त्यात दिली आहे. त्या यादीतून एक संख्या निसटली: २९३३१८६२५६००. हिचे मूळ अवयव म्हणजे दोनचा सहावा घात, तीनचा चौथा, पाच आणि सात यांचे वर्ग, आणि ११, १३, १७, १९ एकेकदा. वरच्याच रीतीने मोजा: ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २, म्हणजे ५०४० विभाजक. २८ विसरलेल्या मुलीला मी ही हकिगत सांगितली, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

संख्या मोठी झाली की पहिला थांबा महाग पडू लागतो. २४९१ घ्या. हिचे वर्गमूळ ५०च्या किंचित आत आहे, तेव्हा ५०पर्यंतच्या पंधरा मूळ संख्यांनी भागून पाहणे आले. २ नाही, ३ नाही, ५ नाही, आणि असे करत करत पंधरावी मूळ संख्या ४७ येते तेव्हा कुठे भाग जातो. येथे नारायण पंडितांची आठवण होते. १३५६ सालच्या 'गणितकौमुदी' या त्यांच्या ग्रंथात संख्येचे भाग शोधण्यासाठी 'भागादान' नावाचे प्रकरणच आहे. त्यांतली एक युक्ती अशी की दिलेल्या विषम संख्येपेक्षा थोडी मोठी पूर्ण वर्ग संख्या घ्यावी आणि दोहोंतला फरकही पूर्ण वर्ग आहे का ते पाहावे. नसेल तर पुढचा वर्ग घ्यावा. ५०चा वर्ग २५००. त्यातून २४९१ गेले, उरले ९, म्हणजे तीनचा वर्ग. झाले काम: ५०मधून तीन वजा करा आणि ५०मध्ये तीन मिळवा, ४७ आणि ५३. तीच रीत फ्रान्समध्ये फर्मा यांनी सतराव्या शतकात वापरली आणि आज जगभर ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या पाठ्यपुस्तकांत नारायण पंडितांचा एक परिच्छेद असता तर बरे झाले असते.

मात्र या युक्तीवर भाळून जाऊ नये. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ती झटपट फळते. २४९१ऐवजी २४८१ घेतली तर पहिलाच फरक १९ येतो, तो वर्ग नाही, आणि ५०पासून सुरू करून थेट ४१५पर्यंत वर्ग घेत गेल्यावर उत्तर मिळते, कारण २४८१ म्हणजे ३ × ८२७. हेच अंकांची बेरीज करणाऱ्या मुलाला पाच सेकंदांत कळते: २, ४, ८ आणि १ मिळून १५, तिनाने भाग जातो. म्हणून मी मुलांना आधी लहान मूळ संख्यांच्या कसोट्या लावायला सांगते आणि भाग जाईनासा झाला की मग वर्गांकडे वळायला सांगते. ९१ला घाईघाईने मूळ संख्या ठरवणाऱ्यांसाठी तर दोन्ही वाटा खुल्या आहेत: तेरा सत्ते एक्क्याण्णव आठवा, नाहीतर शंभरातून नऊ वजा करा.

शेकडो अंकी संख्यांपुढे या दोन्ही वाटा निरुपयोगी ठरतात. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात खात्रीने ठरवण्याची रीत २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली; पण संख्या मूळ नाही असे कळले तरी तिचे अवयव कोणते हे त्यातून हाती येत नाही. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सहज करता येतो आणि तो फोडायला संगणकही थकतात, या अडचणीच्या भरवशावर गुप्त संदेशांची एक अख्खी व्यवस्था उभी आहे.

त्या मुलीने वही मिटता मिटता विचारले, "आणि शून्याचे विभाजक किती?" शून्याला १ने भागा, २८ने भागा, दहा लाखांनी भागा, बाकी शून्यच उरते; तेव्हा शून्य सोडून प्रत्येक पूर्ण संख्या यादीत येणार. जोड्या लावायला गेले तर प्रत्येकाचा जोडीदार शून्यच निघतो, आणि मूळ अवयव तर शून्याला पाडताच येत नाहीत. मी म्हटले, "ही यादी लिहायला घेऊ नकोस." तिने तरी वहीच्या कोपऱ्यात १, २, ३ लिहून पुढे टिंबे दिली आणि जेवायला घरी गेली.